थंडीत रुसणारी डिझेल गाडी: हीटर प्लग घरच्या घरी बदला

डिसेंबर-जानेवारीत पहाटे सोसायटीच्या आवारातून एक ओळखीचा आवाज येतो. सेल्फ मारल्याची घरघर, मग शांतता, पुन्हा घरघर. तिसऱ्या-चौथ्या खेपेला एकदाचे इंजिन धडधडत सुरू होते आणि मागून पांढऱ्या धुराचा लोट निघतो. वरच्या मजल्यावरची खिडकी धाडकन बंद होते. खजील झालेला गाडीमालक मनात म्हणतो, बॅटरी गेली वाटते!

बरेचदा बॅटरी धडधाकट असते. दोष असतो तो इंजिनच्या हेडमध्ये दडलेल्या, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या चार वस्तूंत. गाडीच्या पुस्तिकेत त्यांना ग्लो प्लग म्हटलेले असते, गॅरेजमधले मिस्त्री त्यांना हीटर प्लग किंवा नुसतेच हीटर म्हणतात. एकाची किंमत बहुतेक जुन्या गाड्यांसाठी काही शे रुपये. हाताशी चार हत्यारे असतील, तर दाराशी उभ्या असलेल्या गाडीचे प्लग घरच्या घरी बदलता येतात आणि हे काम घरातल्या पुरुषानेच करायला हवे असेही काही नाही.

मात्र या कामात एक मोठी खाच आहे. जुना प्लग जोर लावून काढताना आतच तुटला, तर काही शे रुपयांचे काम अनेक हजारांवर जाते. कारण मग इंजिनचे हेड उतरवण्याची पाळी येऊ शकते. त्यामुळे प्लग कसा बदलायचा याच्या जोडीने हात कुठे आवरायचा, हेही आधीच ठाऊक हवे.

ठिणगीवाचून पेटणारे इंजिन

पेट्रोलच्या इंजिनात स्पार्क प्लग ठिणगी टाकतो आणि इंधन पेटते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. तिथे पिस्टन हवा इतकी दाबतो, की तीच तापून लाल निखाऱ्यासारखी होते. सायकलच्या पंपाने हवा भरताना पंपाचे खालचे टोक गरम लागते, हे आपण लहानपणी अनुभवलेले असते. डिझेल इंजिन म्हणजे तोच पंप, फक्त फार जबरदस्त. जुन्या पद्धतीच्या मोटारींच्या डिझेल इंजिनांत हवा साधारण बावीसाव्या हिश्शापर्यंत दाबली जाते. अशी दाबलेली हवा पाचशे अंशांच्या पुढे तापते. डिझेलला आपोआप पेट घ्यायला दोनशे-अडीचशे अंश पुरतात. त्या तापल्या हवेत डिझेलचा फवारा उडाला, की भडका उडतो.

जर्मन अभियंता रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ साली आउग्सबुर्ग येथे याच तत्त्वावरचे इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवले. आपल्याकडे विहिरीवरच्या पाणी उपसायच्या इंजिनांत हे तत्त्व खेडोपाडी पोचले. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली पुण्यात सुरू झाली. गावाकडे ज्यांनी हँडल मारून इंजिन सुरू केलेले आहे, त्यांना ते तंत्र आठवत असेल. आधी लिव्हर उचलून दाब मोकळा करायचा, हँडल गरागरा फिरवायचे आणि चाकाने वेग घेतला की लिव्हर खाली सोडायची. वेग हवा तो यासाठी, की हवा झटकन दाबली गेली तरच तिची उष्णता टिकते. हळू दाबली तर निम्मी उष्णता गार लोखंडच पिऊन टाकते.

थंडीच्या पहाटे मोटारीचे नेमके हेच होते. इंजिनचे धातू गारठलेले असतात, तेल घट्ट झालेले असते, त्यामुळे सेल्फ इंजिनला रेंगाळत फिरवतो. हवा दाबली जाते, पण पुरेशी तापत नाही. जुन्या इंजिनांत डिझेल आधी एका छोट्या कोठडीत फवारले जाते. या कोठडीच्या भिंतीही गारच असतात, म्हणून अशा इंजिनांना थंडी जास्त बाधते. त्या कोठडीत आपले लाल झालेले टोक घालून बसलेला असतो हीटर प्लग. किल्ली फिरवल्यावर डॅशबोर्डवर स्प्रिंगच्या वेटोळ्यासारखा पिवळा दिवा लागतो, तो याच्याच कामाचा. चांगल्या प्लगचे टोक पाच-सात सेकंदांत साडेआठशे अंशांच्या आसपास तापते. पूर्वीच्या प्लगना अर्धा मिनिट आणि त्याहूनही अधिक वेळ लागे. जर्मनीत त्या ताटकळण्याला लोक थट्टेने ‘रुडॉल्फ डिझेल स्मरण-मिनिट’ म्हणत.

आपल्या देशात अशा गाड्या थोड्याथोडक्या नाहीत. डिझेलची अ‍ॅम्बेसेडर १९८० च्या सुमारास आली. पिंपरी-चिंचवडला तयार झालेली टाटा इंडिका जानेवारी १९९८ मध्ये दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात लोकांनी पाहिली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात ती बाजारात उतरली. मग २००७ मध्ये डिझेलची स्विफ्ट आली. तिचे फियाटकडून घेतलेले १.३ लिटरचे इंजिन पुढे कितीतरी गाड्यांत बसले आणि पुण्याजवळ रांजणगावलाही तयार झाले. इंडिकाचे उत्पादन २०१८ मध्ये थांबले, मारुतीने एप्रिल २०२० मध्ये डिझेल गाड्या बंद केल्या. पण विकलेल्या गाड्या काही एका दिवसात भंगारात जात नाहीत. एखाद्या घरात ती वडिलांची आठवण असते, तर कुठे नवी घेण्याची ऐपत नसते.

इंदूरची ताई आणि पहाटेची पाळी

माझी एक मावसबहीण इंदूरला राहते. तिच्याकडे २००८ ची इंडिका होती. सासऱ्यांना आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी न्यावे लागे आणि त्यांची पाळी पहाटेची. साडेपाचला घर सोडावे लागे. यजमान फिरतीवर, म्हणून गाडी ताईच चालवायची.

२०१८ च्या हिवाळ्यात गाडी सकाळी त्रास देऊ लागली. जवळच्या एका गॅरेजमध्ये दाखवली, त्यांनी बॅटरी बदलायला सांगितली. नवी बॅटरी आली, आठवडाभर बरे वाटले, मग पुन्हा तेच. नव्या बॅटरीने सेल्फ जोरात फिरे, म्हणून गाडी कशीबशी सुरू होई इतकेच. जानेवारीत एका पहाटे वीस मिनिटे खटपट करूनही इंजिन लागले नाही. शेवटी रिक्षा शोधून सासऱ्यांना नेले, ते पाऊण तास उशिरा पोचले. अशा रुग्णाच्या बाबतीत पाऊण तास म्हणजे किती, ते ज्यांच्या घरी हे दुखणे आहे त्यांनाच कळेल.

त्या संध्याकाळी तिने मला फोन केला. “अगं, दुपारी एका सेल्फमध्ये लागते. रुसते ती फक्त पहाटे. मग बॅटरीचा दोष कसा?” तिने तो प्रश्न स्वतःलाच विचारला आणि अर्धा रोग तिथेच ओळखला.

रोग ओळखायचा कसा?

हीटर प्लगचा दोष इंजिन गार असतानाच दिसतो. सेल्फ जोमाने फिरतो, तरी इंजिन लागत नाही. लागले की मिनिट-दोन मिनिटे लंगडत चालते, ठोकल्यासारखा आवाज करते आणि डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर सोडते. हा धूर म्हणजे न जळलेले डिझेल. इंजिन तापले की सगळे थांबते आणि दिवसभर काही तक्रार राहत नाही.

तापलेले इंजिनही सहज सुरू होत नसेल, तर प्लगना दोष देऊ नका. सेल्फच रेंगाळत असेल तर बॅटरी, तिची टोके किंवा स्टार्टर पाहा. धूर काळा असेल तर तो निराळाच आजार आहे. आणखी एक फसवा प्रकार आहे. रात्रभरात कुठल्या तरी जोडातून हवा शिरते आणि डिझेल नळीतून मागे टाकीकडे उतरते. अशा वेळीही लक्षण पहाटेचेच असते. जुन्या गाड्यांत डिझेल फिल्टरपाशी हाताने दाबायचा छोटा पंप असतो. सकाळी सेल्फ मारण्याआधी तो दाबून कडक होऊ द्या. तेवढ्याने गाडी लगेच लागली, तर हीटरचा संबंध नाही, हवा कुठून शिरते ते शोधा.

लडाख-काझासारख्या ठिकाणी तर डिझेलच गोठते, तिथे प्लग काय करणार? तिकडच्यासाठी इंडियन ऑइलने २०१९ च्या नोव्हेंबरात उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल बाजारात आणले. निफाडच्या किंवा ग्वाल्हेरच्या थंडीत ही वेळ येत नाही.

डॅशबोर्डवरच्या दिव्यावर मात्र विसंबू नका. जुन्या गाड्यांत तो केवळ वेळ मोजणारा दिवा असतो. चारही प्लग जळालेले असले तरी तो इमानेइतबारे लागतो आणि विझतो. ताईच्या गाडीत तो रोज लागत होता. कोकणात किंवा मुंबईत तर एक-दोन प्लग गेल्याचा पत्ताच लागत नाही, कारण तिथली हवाच मुळी उबदार. अशी गाडी डिसेंबरात नाशिकला किंवा महाबळेश्वरला मुक्कामाला गेली, की सकाळी सोंग उघडे पडते.

एका बल्बची परीक्षा

प्लग इंजिनात बसलेलाच असताना तो चांगला आहे की गेला, हे कळू शकते. त्यासाठी गाडीच्या टेललॅम्पचा १२ व्होल्टचा बल्ब आणि दोन हात लांब वायर पुरते.

इंजिन पूर्ण गार हवे आणि किल्ली काढलेली. बॉनेट उघडल्यावर हेडच्या कडेला चार प्लगची डोकी एका रांगेत दिसतील. त्यांना जोडणारी एक धातूची पट्टी असते किंवा प्रत्येकावर वेगळी टोपी. ती पट्टी आधी काढायला हवी. ती तशीच ठेवली, तर एका चांगल्या प्लगच्या जिवावर चौघेही पास होतात! मग वायरचे एक टोक बॅटरीच्या धन टोकाला लावा, मध्ये बल्ब, आणि दुसरे टोक एकेका प्लगच्या डोक्याला टेकवा. बल्ब लागला तर प्लगमधली तार शाबूत आहे, नाही लागला तर तुटली आहे. प्लगला ऋण जोडणी इंजिनच्या अंगातूनच मिळते, म्हणून वेगळी वायर लागत नाही.

घरात मल्टिमीटर असेल तर अधिक चांगले. प्लगचे डोके आणि इंजिनचे उघडे धातू यांच्यामध्ये रोध मोजा. चांगल्या प्लगचा रोध फार थोडा असतो, बहुधा अर्ध्या ते दोन ओहमच्या दरम्यान. मीटरच्या वायरींचा स्वतःचाही थोडा रोध असतो, तो दोन टोके एकमेकांना टेकवून पाहावा आणि वजा करावा. आकडा नेमका किती यापेक्षा चारही सारखे आहेत का, हे महत्त्वाचे.

चारही प्लग चांगले निघाले तर? तर त्यांच्यापर्यंत वीजच पोचत नसेल. पट्टी पुन्हा लावून, कुणाला तरी किल्ली फिरवायला सांगून पट्टीवर व्होल्ट मोजा. ही तपासणी गार इंजिनावरच करावी, कारण बऱ्याच गाड्यांत तापलेल्या इंजिनाला यंत्रणा वीज सोडतच नाही. वीज नसेल तर फ्यूज किंवा रिले बघा. एकेक प्लग सुरुवातीला पंधरा-वीस अँपिअर खेचतो, म्हणजे चौघांचा भार घरातल्या गिझरच्या वायरलाही न झेपणारा. म्हणून त्यांचा फ्यूज जाडजूड असतो आणि गंजलेला जोड लगेच तापतो.

ताईच्या गाडीत चारपैकी तीन प्लगवर बल्ब लागला नाही. गाडी एका हीटरच्या आधारावर इंदूरची थंडी काढत होती.

दुकानात काय पाहाल?

गाडीचे वर्ष आणि इंजिन सांगून, शक्यतो भाग-क्रमांक जुळवूनच प्लग घ्या. दिसायला सारखे प्लग लांबीने दोन-चार मिलिमीटर वेगळे असू शकतात. लांब टोक आत कशावर तरी आदळते, आखूड टोक फवाऱ्यापर्यंत पोचतच नाही. व्होल्टही बघा. जुन्या गाड्यांचे प्लग सहसा ११ किंवा १२ व्होल्टचे असतात, पण अलीकडच्या अनेक गाड्यांत ४ ते ७ व्होल्टचे झटपट तापणारे प्लग असतात, त्यांना गाडीचा संगणक मोजून वीज देतो. अशा प्लगला बॅटरीची वायर थेट लावली तर तो क्षणात जळतो.

चांगल्या प्लगच्या नळीत तापणारी तार असते आणि तिच्यामागे दुसरी एक तार. ही दुसरी तार तापली की वीज आपोआप कमी करते. भोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी भुकटी ठासलेली असते. बादलीत पाणी तापवायच्या रॉडमध्येही हीच भुकटी असते. नकली प्लगमध्ये या दुसऱ्या तारेतच काटकसर केलेली असते. तो लवकर लाल होतो, म्हणून दुकानदार कौतुकाने दाखवतो, पण टोक फुगते आणि हाच फुगलेला प्लग पुढे बाहेर निघत नाही. दोन पैसे जास्त गेले तरी चालतील, पण वाहन कंपनीच्या किंवा नावाजलेल्या उत्पादकाच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या. जुने मिस्त्री अजूनही ‘मायकोचाच द्या’ म्हणतात. मायको म्हणजे १९५१ मध्ये बंगळूरला सुरू झालेली कंपनी, २००८ पासून तिचे नाव बॉश लिमिटेड झाले आहे.

काही नव्या गाड्यांत सिरॅमिकचे प्लग असतात. ते चिनी मातीच्या कपासारखे नाजूक. हातातून पडला तर वरून धड दिसला तरी बसवू नका. त्याचा तुकडा आत सांडला तर पिस्टनची वाट लागते.

प्रत्यक्ष कामाला लागताना

आदल्या रात्री प्रत्येक प्लगच्या बुडाशी, जिथे तो हेडमध्ये शिरतो तिथे, गंज सोडवणारे तेल फवारून ठेवा. डब्ल्यूडी-४० किंवा तसलेच कोणतेही चालेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा फवारा. मग गाडी पंधरा-वीस मिनिटे फिरवून आणा. प्लग तापलेल्या इंजिनमधून काढावा, गार इंजिनमधून नव्हे. हेड ॲल्युमिनियमचे असेल तर ते तापल्यावर पोलादी प्लगपेक्षा जास्त प्रसरण पावते आणि आटे थोडे ढिले होतात. बरण्यांची घट्ट झाकणे आपण गरम पाण्यात धरून उघडतो, तशातलाच प्रकार.

सपाट जागी गाडी लावा, हँडब्रेक ओढा, किल्ली काढून खिशात ठेवा. बॅटरीचे ऋण टोक सोडवा. त्याने रेडिओवरचे घड्याळ चुकेल, पण तापलेल्या इंजिनचा पंखा अचानक सुरू होण्याची भीती राहणार नाही. हातातल्या बांगड्या, अंगठी, घड्याळ उतरवून ठेवा. बॅटरीच्या धन टोकावर पाना असताना बांगडी बॉडीला टेकली तर ती लाल होते, आणि ही अतिशयोक्ती नाही. ओढणी किंवा पदर खोचून घ्या. मुलांना लांब बसवा, पण बसवा जरूर. बघून बघूनच ती शिकतात.

प्लगच्या भोवती साचलेली धूळ सायकलच्या पंपाने फुंकून काढा. नाहीतर प्लग निघाल्यावर तीच धूळ भोकातून थेट सिलिंडरमध्ये जाईल. डोक्यावरचे बारीक नट सोडवताना खाली फडके पसरा. इंजिनच्या सांदीत पडलेला नट शोधण्यात कामापेक्षा जास्त वेळ जातो. काही गाड्यांत प्लग हवेच्या नळ्यांच्या आड असतात, तेव्हा आधी त्या सोडवाव्या लागतात. आधुनिक कॉमन रेल इंजिनात इंजेक्टरच्या धातूच्या नळ्यांना मात्र अजिबात हात लावू नका. इंजिन चालू असताना त्यांत हजार बारहून अधिक दाब असतो आणि तो फवारा कातडी भेदून आत जाऊ शकतो.

आता प्लगवर लांब सॉकेट, मिस्त्री ज्याला गोटी म्हणतात ती, सरळ बसवा. माप गाडीप्रमाणे ८, १० किंवा १२ मिलिमीटर. पाना आखूड घ्या. लांब पान्याने हाताला जोर कळत नाही. डावीकडे हळूच कल द्या. हलला तर पाव वळसा सोडवा, थोडा उजवीकडे परत फिरवा, तेल सोडा, पुन्हा डावीकडे. असे मागेपुढे करत आट्यांतली काजळी मोकळी होऊ द्या. एका प्लगला दहा मिनिटे लागली तरी हरकत नाही.

इथे हात आवरा

हलत नसेल तर? इथेच बहुतेकांचा घात होतो. प्लग आतून पोकळ असतो, त्याच्या अंगाला फार पीळ सोसत नाही. १० मिलिमीटर आट्यांच्या प्लगला सोडवताना ३५ न्यूटन-मीटरच्या पुढे जोर लावू नये, असे उत्पादक सांगतात. ८ मिलिमीटरच्या बारीक प्लगला जेमतेम २०, आणि १२ मिलिमीटरच्या जाड प्लगला ४५. टॉर्क पाना नसेल तर असा अंदाज घ्या. वीतभर, म्हणजे २० सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकाला पाच किलो तांदळाची पिशवी टांगली, तर तो जोर साधारण १० न्यूटन-मीटर होतो. बारीक प्लगला अशा दोन पिशव्या, मधल्याला साडेतीन. त्यापुढे नाही.

टॉर्क पाना कुणाकडून मागून आणता आला तर सोन्याहून पिवळे. तेवढ्या जोरालाही प्लग हलला नाही, तर पाना खाली ठेवा. तेल सोडा, गाडी दोन दिवस वापरा, तापल्यावर पुन्हा प्रयत्न करा. अशा तीन-चार फेऱ्यांनंतर कित्येक हट्टी प्लग सुटतात. तरीही नाही सुटला, तर मोकळेपणाने गॅरेज गाठा. तिथे त्यासाठी खास हत्यारे असतात. पाना ठोकायला हातोडी घेणे म्हणजे तुटण्याला आमंत्रण.

ताई आणि तिचा कॉलेजात शिकणारा मुलगा यांनी दोन संध्याकाळी खर्चून तीन जळालेले प्लग काढले. चौथा, जो चालू होता, तो मात्र ढिम्म हलेना. मुलगा म्हणाला, “आई, जरा लांब पाना लावू का?” ती म्हणाली, “राहू दे त्याला. तो काम करतोय ना?” चारही एकदम बदलावेत हा सल्ला योग्यच आहे, कारण चौघांचे वय सारखे असते. पण चांगला चाललेला प्लग निघत नसेल, तर तो नवा करण्याच्या हौसेपायी तोडून बसण्यात काय शहाणपण? तीन नवे आणि एक जुना, एवढ्यावर मध्य भारतातली थंडी आरामात निघते. तिने केले ते मला तरी अगदी बरोबर वाटते.

निघालेले प्लग ओळीने मांडा, पहिला-दुसरा अशी खूण करून. त्यांची टोके बोलकी असतात. नुसती काजळी असेल तर काळजी नाही. टोक फुगलेले किंवा चिरलेले असेल तर प्लगचे आयुष्य संपलेले किंवा माल नकली. टोक वितळून खाल्ल्यासारखे दिसत असेल, तर त्या सिलिंडरचा इंजेक्टर नीट फवारत नाही असा संशय घ्या आणि तो तपासून घेतल्याशिवाय नवा प्लग बसवू नका, नाहीतर त्याचीही तीच गत होईल. टोकाचा तुकडाच गायब असेल, तर इंजिन सुरू करू नका, मिस्त्रीला बोलवा.

नवा प्लग बसवताना

भोकात काजळी साचलेली असते. ती काढायला ठरावीक मापाचा रीमर मिळतो. त्याला ग्रीस फासून फिरवले, की काजळी ग्रीसला चिकटून बाहेर येते. रीमर नसेल तर स्क्रूड्रायव्हरने खरवडू नका, काजळी आत पडते आणि बैठक ओरखडते. चिंधी तारेला घट्ट बांधून हलक्या हाताने आटे पुसा, इतके पुरे.

नवा प्लग सुरुवातीला फक्त बोटांनी फिरवायचा. पाच-सहा वळसे सहज गेले पाहिजेत. अडला तर आटे तिरके लागले समजा, बाहेर काढून पुन्हा सुरुवात करा. आट्यांवर उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचा अगदी पुसट हात चालतो, टोकाला मात्र काही लावू नका. मग पाना. १० मिलिमीटरच्या प्लगला १५ न्यूटन-मीटरच्या आसपास पुरे होते, बारीकला १०, जाडाला २० ते २५. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत बघावा. जास्त आवळला तर आतली मोकळी फट दबून प्लग लवकर जळतो आणि पुढच्या खेपेला निघताना त्रास देतो. डोक्यावरचे नट तर अगदी दोन बोटांच्या जोराने आवळायचे. पट्टी लावण्याआधी तिची भोके सँडपेपरने चकचकीत करा.

नवा प्लग चिमट्यात धरून बॅटरीला टेकवून लाल होतो का पाहायची काही मिस्त्र्यांची सवय असते. घरी हा प्रयोग नको. बॅटरीपाशी ज्वालाग्राही वायू असतो, ठिणगी पडली तर स्फोट होऊ शकतो, आणि आठशे अंशांचा चटका हा काही पोळपाटावरचा चटका नव्हे.

तसाच आणखी एक घातक उपाय म्हणजे हवेच्या नळीशी पेट्रोलचा बोळा धरणे किंवा ईथरचा फवारा मारणे. आत लाल झालेले हीटर असताना हा भडका भलत्याच वेळी उडतो. पिस्टन फुटल्याची आणि हात भाजल्याची उदाहरणे गॅरेजवाल्यांकडे कमी नाहीत. इंजिनखाली मशाल पेटवण्याबद्दल तर बोलायलाच नको.

सगळे जोडल्यावर बॅटरीचे टोक लावा, दिवा विझेपर्यंत थांबून सेल्फ मारा. गाडी लागेलच, पण त्यावर जाऊ नका, इंजिन अजून उबदार आहे. खरी परीक्षा रात्रभर गाडी उघड्यावर ठेवून दुसऱ्या पहाटे. पिवळा दिवा विझताच सेल्फ मारला आणि एक-दोन सेकंदांत इंजिन लागले, धूर नाममात्र आला, तर काम फत्ते. फारच कडाका असेल तर किल्ली दोनदा फिरवून प्लगना दुसऱ्यांदा तापू द्या, मग सेल्फ. बदलल्याची तारीख आणि किलोमीटरचा आकडा सर्व्हिसच्या पुस्तिकेत लिहून ठेवा. जुन्या चांगल्या प्लगपैकी एखादा ठेवलेला असेल तर तोही तिथेच कागदात गुंडाळून ठेवा, पुढच्या वेळी दुकानात नमुना म्हणून दाखवायला तो उपयोगी पडतो.